तीन पाण्यांनी धुतलेला पंप

गांडुळं मरत नव्हती, खरा वैताग तोच होता. मेली असती तर वाफ्याला वास सुटला असता, मुंग्या लागल्या असत्या, काही तरी कारण शोधता आलं असतं. पण ती चांगली जिवंत होती. गोणपाट उचललं की उजेडाला बुजून खाली पळत होती, शेण खात होती, खत करत होती. फक्त वाढत नव्हती. गांडूळ वयात आलं की त्याच्या मानेशी एक फिकट, जाडसर पट्टा उठतो. तो आला की आठवडाभरात अंडी. ही पोरं दोन महिन्यांची होऊन गेली तरी दोऱ्यासारखी बारीक, आणि पट्टा एकालाही नाही.

तिनं ओंजळ भरून खत उचललं आणि त्यातली गांडुळं मोजली. पूर्वी ओंजळीत चाळीस मावायची. आज नव्वद मावली.

तिला बागेत सगळे गांडूळबाई म्हणायचे. हे नाव तिला खुरपणीच्या बायकांनी ठेवलं होतं आणि कौतुकानं ठेवलं नव्हतं. आधी ती त्यांच्यातलीच होती. चौदा जणी ओळीनं उकिडव्या बसायच्या आणि झाडांखालचं तण खुरपत खुरपत बागेच्या त्या टोकाला जायच्या. तिथं पोचेपर्यंत या टोकाला पुन्हा हिरवं व्हायचं, म्हणून कामाला मरण नव्हतं. मग गवत मारायचं औषध आलं. चौदा बायकांचं तीन दिवसांचं काम पाठीवर पंप बांधलेला एक गडी एका सकाळीत उरकू लागला. तो गडी तिचाच नवरा निघाला. तेरा जणींनी त्यासाठी तिच्याशी दोन महिने अबोला धरला होता, आणि घरी बसायची पाळी मात्र तिच्यावरही तेवढीच आली होती.

म्हणून ही शेड. बागेच्या कडेला मोडकळीला आलेली पत्र्याची शेड तिनं मालकाकडून मागून घेतली, विटा लावून चार वाफे केले, गोठ्यातून शेण आणलं आणि नर्सरीतून आणलेली दोन डबे गांडुळं सोडली. हंगाम संपेपर्यंत चाराचे आठ वाफे करून दाखवायचे, तर शेड कायमची तिची, अशी बोली होती. आयुष्यात तिनं स्वतःच्या डोक्यानं सुरू केलेली ही पहिली गोष्ट. इथं कोणी ऊठ म्हणत नव्हतं, वाक म्हणत नव्हतं. वाकायची ती आपल्या मर्जीनं वाकायची.

दाराशी पोत्यावर बसून आत्याबाई चाळणी मारत होत्या. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, घरात भिंतीला हात लावून चालायच्या. पण बोटं अशी की चाळणीतल्या खतातून गांडुळाची अंडी नेमकी वेचून काढायच्या. अंडं म्हणजे मोहरीपेक्षा जरा मोठा, लिंबाच्या रंगाचा दाणा. एकेका दाण्यातून दोन-तीन पिल्लं निघतात.

"किती निघाली, आत्याबाई?"

"खडे निघाले सात," आत्याबाई म्हणाल्या. "अंडं एक नाही. सूनबाई, तुझ्या या जनावरांनी संन्यास घेतलाय का?"

तिला हसू आलं नाही. शेडच्या बाहेर फटफटीचा आवाज थांबला आणि मुकादम आत आला. मालक दूर राहायचा आणि महिन्यातून एकदा यायचा, तेव्हा उरलेले एकोणतीस दिवस मालक हाच. आवाज मात्र गोड.

"वहिनी, औषधाचे ड्रम उन्हात पडलेत. मालक म्हणतात शेड मोकळी करून आत लावा. मीच म्हटलं, मुदत पुरी होऊ द्या त्यांची. चाराचे आठ होणार होते ना?"

"होतील."

"पंधरा दिवस राहिले."

"ठाऊक आहे मला."

"नाही झाले तरी काळजी करू नका," मुकादम हसत म्हणाला. "दुसरा पंप पडूनच आहे. तुमच्या मापाचे पट्टे लावून देतो."

तो गेल्यावर ती पुन्हा पहिल्या वाफ्याशी जाऊन बसली.

दुपारी नवरा आला. आता त्याला जो तो पंपवाला म्हणायचा, आत्याबाईसुद्धा चिडल्या की तसंच म्हणायच्या. माणूस अबोल, कामाला वाघ. पंप पाठीवरून उतरवला की शर्टाची पाठ ओली दिसायची; घाम किती आणि पंपाचं गळणं किती हे कोणी पाहत नव्हतं. खोल्यांच्या मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशी त्यानं नेहमीसारखा पंप धुतला. एक पाणी घातलं, हिसळलं, ओतलं. दुसरं घातलं, ओतलं. तिसरं घालून नळीतून पिचकारी सोडून बघितली. मग स्वच्छ पाण्यानं टाकी भरली आणि पंप पुन्हा पाठीवर चढवून तो शेडकडे निघाला.

थंडीच्या सुरुवातीला पाण्याचा डबा उचलताना तिची कंबर धरली होती. आठ दिवस ती कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हती. तेव्हापासून वाफ्यांना पाणी घालायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. पंपाचा बारीक फवारा वाफ्यावर असा काही पडायचा की ना चिखल व्हायचा, ना कोरडं राहायचं. बागेचा पंप घरी आणायला मुकादमाची सक्त मनाई होती. तो तसाच, झाडांच्या आडून यायचा.

"पुरे का एवढं?" रोजच्यासारखं त्यानं विचारलं.

"कोपऱ्यात अजून थोडं मारा."

त्यानं कोपऱ्यात मारलं. त्याच्याकडे बघताना तिचं मन भरून यायचं, आजही आलं. विहिरीवर बायका तिला टोमणे मारायच्या की आमचे नवरे प्यायला तांब्या भरून देत नाहीत आणि हिचा गांडुळांना अंघोळ घालतो. ती वरवर नाक मुरडायची. आतून सुखावायची, हे खोटं कशाला सांगा.

पुढचे पाच दिवस तिनं जिवाचं रान केलं. शेण गरम असेल म्हणून पंधरा दिवसांचं थंड झालेलं शेण गोठ्याच्या पार मागच्या ढिगातून आणलं. डोक्यावरून पाट्या वाहताना कंबर पुन्हा ठणकू लागली तर तिनं पदर कंबरेला करकचून बांधला. पेंढा जाड असेल म्हणून विळ्यानं बोटबोट तुकडे केले. ऊन लागत असेल म्हणून पत्र्याखाली गोणपाटं टांगली. रोज सकाळी ती वाफ्याशी गुडघे टेकून बसायची, एकेक गांडूळ तळहातावर घेऊन उजेडात धरायची आणि मान बघायची. सगळ्यांच्या माना कोऱ्या. आत्याबाईंच्या चाळणीत खडेच निघत होते.

"बाळंतपणाची वाट बघावी तशी बघतेस," आत्याबाई म्हणाल्या. "नको बघूस इतकी. लाजतील."

सहाव्या दिवशी आत्याबाईंनी तिला मागच्या दारी हाक मारली. भिंतीच्या सावलीत त्यांची एक फुटकी बादली होती. भाजीची देठं, सालं, निवडलेला कचरा त्या त्यात टाकायच्या. महिन्यामागे तिनं वाफ्यातली अगदीच किरकोळ दिसणारी मूठभर गांडुळं फेकून द्यायला काढली होती, तर म्हातारीनं ती मागून घेतली होती. म्हणाल्या होत्या, मला सोबत होईल.

आता आत्याबाईंचा हात मनगटापर्यंत बादलीत होता. त्यांनी तो बाहेर काढून सुनेच्या हातावर झटकला.

"बघ गं, हे काय आहे. मला दाणे लागतायत."

तळहातावर पाच अंडी होती. पिवळीधमक. तिनं बादली तिथंच उपडी केली आणि कचऱ्यातून बोटं फिरवली. जाड, लालबुंद, वळवळणारी गांडुळं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मानेशी पट्टा. तीच फेकायची किरकोळ गांडुळं.

"आत्याबाई, तुम्ही यांना काय घालता?"

"तुम्ही जे खाता त्याचं उरलेलं."

"शेण?"

"शेण तूच दिलं होतंस की. तेच आहे खाली."

"आणि पाणी?"

"भांडी विसळलेलं. तांब्यानं घालते. माझ्यामागे काय कोणी पंप घेऊन फिरत नाही."

आत्याबाई सहज बोलून गेल्या. ती मात्र तिथंच बसून एकेक गोष्ट ताडून पाहू लागली. शेण तेच, सावली तशीच, गांडुळं एकाच घरची. वेगळं होतं ते पाणी, आणि पाणीसुद्धा एकाच विहिरीचं. वेगळं होतं ते पाणी घालणारं.

तिनं धुण्याच्या दगडाकडे बघितलं. दगडाच्या पलीकडे, पंपाचं पाणी ओतलं जायचं तिथं, चटईएवढी जागा लख्ख होती. गवताची काडी नाही. हे मागचं दार कधी खुरपावं लागत नाही याचं तिला कौतुक वाटायचं. वाटायचं, रोजच्या येण्याजाण्यानं झालं असेल. त्या जागेच्या कडेला मिरचीचं एक रोप होतं. त्याची वरची पानं सुरळीसारखी वळली होती आणि ते गेल्या थंडीत होतं तेवढंच होतं.

तिसऱ्या प्रहरी नवरा बागेतून परत आला, पंप धुऊन दगडाशी ठेवला आणि तोंडावर पाणी मारायला गेला. तिनं पंपाच्या मुठीशी असलेली चकती पिळून उघडली. आत बारीक जाळी होती. जाळीच्या कडेला साबणासारखा पिवळट राप बसला होता. तिनं काडीनं खरवडला तर नखभर निघाला. नळी वाकवली तर आतून दोन थेंब आले, तेही फेसाळ.

तो पंच्यानं तोंड पुसत आला. "काय बघतेस?"

तिनं सांगितलं. सांगताना आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द जपून टाकत होती. बादलीतली अंडी दाखवली, मिरचीचं रोप दाखवलं, जाळी त्याच्या हातावर ठेवली.

"तीन पाण्यांनी धुतो मी," तो म्हणाला.

"मी कुठं म्हणते धूत नाही?"

"रोज धुतो. एक दिवस चुकलो नाही."

"माहीत आहे मला. पण राहतं हो आत. एवढंसं राहतं. रोज एवढंसं."

"मुकादम म्हणतो हे नुसतं गवताला लागतं. दुसऱ्या कशाला काही होत नाही."

"त्यांना पण काही होत नाही. मरत नाहीत ती. नुसती वाढत नाहीत."

त्याच्या तोंडावर असं काही आलं की तिला बघवेना. एरवी कधी न बोलणारा माणूस, त्यानं आयुष्यात बायकोसाठी केलेली एकच गोष्ट, आणि ती अशी निघाली. त्यानं पंप उचलला, नळी पिळून तळहातावर पाणी सोडलं आणि म्हणाला, "हे बघ, काही नाही यात. पिऊन दाखवतो."

हात तोंडाशी गेला आणि तिनं फाडकन त्याच्या मनगटावर मारलं. पाणी उडालं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तिनं त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता.

"कोणी कोणाला मारलं?" आतून आत्याबाईंनी विचारलं.

"माशी होती," तो म्हणाला.

मग तो दगडावर बसला. तिनं रोजच्यासारखा त्याच्या पाठीचा शर्ट वर केला आणि तेलाची वाटी घेतली. पंप टेकतो तिथली कातडी काळी पडून तिचे पापुद्रे निघत होते. पट्ट्यांचे घट्टे होते, त्यांच्या मध्ये लाल चट्टे. वर्षभर ती रोज इथं तेल लावत होती आणि म्हणत होती, ओझ्यानं झालंय. गांडुळाला नाक नसतं, ते कातडीनं श्वास घेतं, हे तिला नर्सरीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिचा हात पाठीवर थबकला.

"लाव की," तो म्हणाला.

तिनं लावलं. लाल चट्टे चुकवताना तेल खाली सांडलं.

"मी सांगतो मुकादमाला," शर्ट खाली ओढत तो म्हणाला. "माझ्यामुळे झालंय. मुदत वाढवून माग."

"काय सांगणार? पंप घरी आणला म्हणून?"

पंप होता तोवर काम होतं, काम होतं तोवर या दोन खोल्या होत्या. पंप घरी आणला म्हणून दुसऱ्या पंपवाल्याला मुकादमानं भांड्याकुंड्यांसकट बाहेर काढलं होतं, आणि त्याचा पंप तेव्हापासून पडून होता. दोघांनाही ते पाठ होतं. आत आत्याबाई भिंत चाचपत चुलीकडे चालल्या होत्या. या भिंती त्यांच्या हाताला ओळखीच्या होत्या. दुसऱ्या भिंती शिकायचं त्यांचं वय नव्हतं.

उरलेले नऊ दिवस दोघांनी मिळून उपसा केला. उजाडायच्या आत तो विहिरीवरून डबे आणायचा आणि ती तांब्यानं पाणी घालायची. एका वाफ्यातलं सगळं जुनं खत उपसून तिनं नव्यानं शेण, नवा पेंढा घातला, गांडुळं हातानं एकेक निवडून, बादलीत विसळून त्यात सोडली. कंबरेचं तिनं नावच काढलं नाही. नवव्या दिवशी सकाळी एका गांडुळाच्या मानेशी फिकट वळ दिसला. पट्टा म्हणावा की नाही, असा. तिनं ते नवऱ्याला दाखवलं, त्यानं डोळे बारीक करून बघितलं आणि मान हलवली. अजून सहा आठवडे मिळाले असते तर वाफे भरले असते. आठ काय, दहा झाले असते.

मुकादम दहा वाजता आला. चार वाफ्यांमधून फिरला, एका वाफ्यात काठी खुपसली.

"चारच आहेत की, वहिनी."

"सहा आठवडे द्या. आठ करून देते. आता धरलंय त्यांनी."

"मग आधी का नाही धरलं?"

तिनं वाफ्यावरचं गोणपाट सारखं केलं. नवरा दारात उभा होता, पाठीवर पंप, दोन्ही हातांनी पट्टे धरलेले.

"हे बघा, मी काही तुमचा दुश्मन नाही," मुकादम म्हणाला. "मालकांना फोन लावतो आत्ता. पण कारण सांगा काही तरी. नुसती मुदत कशी मागू? कशानं बिघडलं?"

त्यानं खरंच फोन हातात घेतला. एक वाक्य बोललं की शेड वाचणार होती. तेच वाक्य बोललं की खोल्या जाणार होत्या. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं. त्यानं बोलावं असं तिला इतकं वाटत होतं की तिचे कान तापले, आणि तो बोलणार हे दिसलं तशी ती घाईघाईनं म्हणाली,

"माझंच चुकलं. पाणी जास्त झालं."

"पाणी?" मुकादमानं फोन खिशात टाकला. "एवढं साधं कळू नये, वहिनी? तरी मी म्हणत होतो, बाईमाणसाचं काम नाही हे."

नवऱ्यानं तोंड मिटलं. तो वळून बागेकडे चालू लागला. पाठीवरच्या पंपातलं पाणी चालताना डुचमळत होतं, ते तिला बराच वेळ ऐकू येत राहिलं.

चार दिवसांत शेड रिकामी झाली. वाफ्यांतलं खत गांडुळांसकट झाडांच्या बुंध्यांशी ओतायला मुकादमानं माणसं लावली. म्हणाला, वाया कशाला घालवायचं. मग ड्रम आत आले, निळे, तिच्या छातीइतके उंच. विटा त्यांच्याखाली टेकण म्हणून गेल्या. दुसऱ्या पंपाला मुकादमानं शब्द दिल्याप्रमाणे तिच्या मापाचे पट्टे लावून दिले. कंबरेचं तिनं सांगितलं तर म्हणाला, सवय होते.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं तिला दांडा कसा धरायचा ते दाखवलं. जमिनीपासून वीतभर वर, पाय मागे टाकत, वारा पाठीशी ठेवून. ती त्याच्या शेजारच्या ओळीत चालत होती. झाडांच्या बुंध्यांशी काळंभोर खत पसरलेलं होतं आणि त्यातून कोवळं गवत वर आलं होतं. चांगलं खत, गवत येणारच. खाली ती होती, ओंजळीत नव्वद मावणारी, आणि ते एक फिकट वळ उठलेलंही त्यांच्यातच कुठं तरी. ती थांबली.

"चल," शेजारच्या ओळीतून तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. "मुकादम बघतोय."

तिनं मूठ दाबली. फवारा बारीक होता, एकसारखा. कोपऱ्यात राहिलं तिथंही तिनं मारलं.

दिवस कलायच्या आत दोघं परत आली. पाठीवरून ओघळलेलं औषध कंबरेपर्यंत गेलं होतं आणि लुगडं चिकटलं होतं. पंप आता विहिरीपलीकडच्या खड्ड्याशी धुवायचे, मागच्या दारी नाही. तिथंच तिनं हात धुतले, पुन्हा धुतले, राख लावून पुन्हा धुतले. मग खोल्यांच्या मागे आली.

आत्याबाई बादलीशी बसल्या होत्या. बादलीच्या दोन बादल्या झाल्या होत्या. दुसरी कुठून मिळवली कोण जाणे. मांडीवर कचऱ्याचा ढीग, त्यात त्यांची बोटं फिरत होती, आणि बाजूच्या वाटीत पिवळे दाणे पडत होते. ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली. बघूनच तिला रडू फुटेलसं झालं. तिनं वाटीकडे हात नेला.

आत्याबाईंनी तो वाटेतच धरला. त्यांना दिसत नव्हतं, पण हवेतला हात त्यांनी नेमका धरला. बोटं चाचपली, तळवा चाचपला, नाकाशी नेला.

"हात धुतलेस?"

"धुतले, आत्याबाई. तीन पाण्यांनी धुतले."

म्हातारीनं तिचा हात हळूच तिच्याच मांडीवर नेऊन ठेवला आणि दोन्ही बादल्या आपल्याकडे ओढून घेतल्या.

"मग लांबूनच बघ," त्या म्हणाल्या.